आम्हाला तिकडं कुठं ठेवणार?

फरशीसाठी रडणं मला जमत नव्हतं. अंधेरीत, कारखान्यांच्या वसाहतीतल्या एका गाळ्यात आमचा डबिंगचा स्टुडिओ आहे. तिथल्या काचेच्या खोलीत मी हेडफोन लावून उभी होते आणि समोरच्या पडद्यावर एक उंच, गोरी, पन्नाशीची बाई आपल्या घरातून अनवाणी फिरत होती. परदेशी मालिका मराठीत आणायची होती आणि त्या बाईचा आवाज मी देणार होते. तिच्या देशात थंडी फार, म्हणून फरशीखालून गरम पाण्याच्या नळ्या फिरवलेल्या असतात. कायमचं घर सोडण्याआधी ती भिंतीवरचं बटण दाबून ते सगळं बंद करते, आणि मग खाली बसून, फरशी गार होत जाते तसतशी तिच्यावर हात फिरवत रडते. मी रडून बघितलं. काचेपलीकडे दिग्दर्शकानं मान हलवली. पुन्हा रडले, त्यानं पुन्हा हलवली.

"अगं, घर जातंय तिचं! आख्खा देश जातोय! आणि तू सर्दी झाल्यासारखी काय रडतेस?"

"तिचं समुद्रकाठी अजून एक घर आहे," मी म्हटलं. "पहिल्याच भागात दाखवलंय."

"ते तर आधीच बुडालं ना यार!"

मालिकेची गोष्ट अशी होती. उत्तरेकडचा एक श्रीमंत देश, नकाशावर नसलेला. समुद्र वर चढतोय, काही वर्षांत सगळं पाण्याखाली जाणार, हे कळल्यावर तिथलं सरकार वेळेतच देश रिकामा करायचं ठरवतं. आरडाओरडा नाही, धावपळ नाही. लोक शिस्तीत रांगा लावतात, कुत्र्यांना लस टोचून आणतात आणि जगात जिथे जागा मिळेल तिथे पाठवले जातात. ज्या देशांना हे लोक आजवर जुने कपडे आणि औषधं पाठवत होते, त्यांच्याच दारात आता हे उभे. कल्पना झकास होती, त्याबद्दल वाद नाही. माझा वाद माझ्याशीच होता. मला या लोकांची दया यायला हवी होती आणि ती येत नव्हती. उलट मधूनच आत कुठेतरी बरं वाटायचं, आणि हे असं बरं का वाटतंय ते कळत नसल्यानं मी जास्तच वैतागायचे.

एरवी मला रडायला वेळ लागत नाही. या धंद्यात मी बरीच वर्षं आहे. सुना, सासवा, चेटकिणी, एकदा तर कार्टूनमधली म्हैस, सगळ्यांसाठी मी गळा काढलाय. त्यासाठी माझी एक युक्ती होती. डोळे मिटायचे आणि आईचं गाव आठवायचं. आठवायचं म्हणजे काय, मी ते कधी पाहिलेलंच नाही, कारण ते साताऱ्याकडच्या एका धरणाच्या पाण्याखाली आहे. आई तेव्हा लहान होती. बैलगाडी, त्यात भांड्यांचं गाठोडं, आणि मागे वळून वळून बघणारी परकरातली पोर, असं एक चित्र मी मनाशी रंगवून ठेवलं होतं. आईनं यातलं काहीच सांगितलेलं नव्हतं. ती गावाबद्दल बोलायचीच नाही, आणि बोलत नाही म्हणजे दुःख फार मोठं असणार, असं मी धरून चालले होते. त्या पोरीकडे बघितलं की माझे डोळे भरून यायचे. पण त्या गरम फरशीवर तिला आणून उभी केली की रडू राहायचं बाजूला, मला रागच यायचा.

त्याच दिवसांत आमच्या घरीही घर सोडण्याचंच चाललं होतं. नाहूरला आमची जुनी चार मजली इमारत आहे. ती पाडून तिथे टॉवर व्हायचा होता. बिल्डर ठरला होता, त्याला एकूणएक सही हवी होती, बाकी सगळ्यांच्या सह्या झाल्या होत्या, फक्त आमची राहिली होती. वडील गेल्यावर घर आईच्या नावावर झालेलं, त्यामुळे सही तिचीच लागणार होती, आणि ती करत नव्हती. नाहीही म्हणत नव्हती. तिची सही होत नाही तोवर कुणालाच हलता येत नव्हतं, आणि इकडे वरच्या मजल्यावरच्या आजोबांच्या पलंगावर स्लॅबचा तुकडा पडून गेला होता. जिन्यात लोक मला बघून बोलायचे थांबायला लागले. काकूंना वरचा मजला हवाय, म्हणून अडून बसल्यात, असं कुणीतरी म्हणालेलं माझ्या कानावर आलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आमच्या समोरच्या दारात राहणारे काका सोसायटीचे सेक्रेटरी. बँकेतून निवृत्त झालेले, स्वभावानं मऊ माणूस. वडिलांना हॉस्पिटलात नेलं तेव्हा रिक्षात माझ्या शेजारी तेच बसले होते. त्यांच्याकडून होळीला पुरणपोळी येते, आमच्याकडून बुद्धपौर्णिमेला खीर जाते, आणि मधल्या दिवसांत कोथिंबीर आणि विरजण दोन्ही दारांतून सारखं इकडून तिकडे चालू असतं. ते एका संध्याकाळी आले.

"वहिनी, तुमची तेवढी सही राहिलीय. सगळे खोळंबलेत हो."

"करते की, भाऊजी. नव्या बिल्डिंगीत कोण कुठं राहणार, ते ठरलं का?"

"ते होईल नंतर. कमिटी बसून बघेल. आपण काय एकमेकांना परके आहोत का?"

"नाही, परके कसले," आई म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.

मला वाटलं, विषय टाळतेय. बिचारीवर दुसऱ्यांदा घर सोडायची वेळ आली, जुनी जखम उघडी पडली असणार, असं माझ्या डोक्यानं घेतलं. मालिकेचे संवाद वाचून वाचून माझी भाषाही तशीच झाली होती. रात्रीची भांडी विसळताना मी अगदी हळुवार आवाजात विचारलं, "आई, तुला भीती वाटतेय का गं? पुन्हा घर सोडायची?"

"कसली भीती? वरचा चुना माझ्या आमटीत पडतोय. कधी एकदा पाडतात असं झालंय मला."

"मग सही का करत नाहीस?"

"बघते," ती म्हणाली.

मालिकेत मात्र तिला भलताच रस होता. मी घरी संवाद घोकायला बसले की ती मेथी निवडत ऐकायची आणि प्रश्न विचारून मला हैराण करायची. माझी बाई मोठ्या वकिलाची बायको. तिच्या घरी साफसफाईला येणारी एक बाई असते, आणि देश रिकामा होताना दोघींना एकाच बोटीत जागा मिळते. आईला त्या बोटीनं अगदी धरूनच ठेवलं. दोघी एकाच बोटीत? एकाच रांगेत? मग तिकडं गेल्यावर काय? दोघींना घरं शेजारी शेजारी देणार का? मी म्हटलं, पुढचे भाग अजून आलेले नाहीत, मला माहीत नाही. त्यावर ती चिडली. "मग तू कसली गं त्यात काम करतेस?" म्हणाली.

पुढच्या आठवड्यात बंदराच्या प्रसंगाचं क्राउड करायचं होतं. क्राउड म्हणजे पडद्यावरच्या गर्दीचा आवाज. सात-आठ जण माइकसमोर अर्धगोल करून उभे राहतात आणि एकदम बोलायला लागतात, त्यातून शेकडो माणसांचा गलका तयार होतो. आमच्याकडे आलेली सगळी मंडळी विशीतली होती, त्यामुळे देश सोडून चाललेली गर्दी कॉलेजच्या कँटीनसारखी ऐकू येत होती. दिग्दर्शक म्हणाला, "म्हातारे आवाज पाहिजेत यार. तुझी आई येईल का?"

मी लगेच हो म्हटलं. माझ्या डोक्यात एक बेत शिजला होता. पडद्यावर बोट बघून आईला तिचं गाव आठवेल, ती मनसोक्त रडेल, मन मोकळं होईल, आणि घरी येऊन सही करेल. इतका मूर्ख बेत मीच करू शकते.

आई ठेवणीतली साडी नेसून आली. घाटकोपरहून मेट्रोत तिला खिडकीची जागा मिळाली म्हणून खूश होती. स्टुडिओत सगळ्यांनी तिला काकू काकू केलं. दिग्दर्शकानं तिला पडद्यावरची बोट दाखवली, बॅगा घेऊन चढणारे लोक दाखवले, आणि समजावलं, "काकू, तुम्ही ह्यांच्यातल्याच एक. तुमचा देश बुडतोय, तुम्ही निघालाय. मनात येईल ते बोला, फक्त थांबू नका."

लाल दिवा लागला. "चला लवकर", "अरे, ती बॅग घे", "आई कुठाय माझी" असा कल्लोळ सुरू झाला. आई गप्प उभी. लोक चढत होते, ती एकेकाकडे बघत होती. दुसऱ्यांदा घेतलं तेव्हा तिनं तोंड उघडलं. आवाज मोठा नव्हता, पण शब्द न शब्द स्वच्छ.

"आम्हाला तिकडं कुठं ठेवणार?"

दिग्दर्शकानं थांबवलं. "काकू, एक नंबर! पण जरा गिळून बोला. वाक्य समजतंय."

"समजायला नको?"

"नको ना. क्राउडचं वाक्य कुणाला कळता कामा नये. त्याच्यावर हिरॉइनचा डायलॉग आहे."

"मग विचारायचं कशाला?" आई म्हणाली. सगळे हसले. ती हसली नाही.

पुन्हा घेतलं. पुन्हा तेच वाक्य, तितकंच स्वच्छ. तिला माइकपासून लांब उभं करून बघितलं, मग आणखी लांब, शेवटी मागच्या भिंतीला टेकवून. तिथूनही ते ऐकू येतच राहिलं. शेवटी दिग्दर्शक म्हणाला, "राहू दे, आम्ही नंतर काढून टाकू." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आईचा राग आला, आणि का कोण जाणे, त्याचाही आला.

खाली उडप्याच्या हॉटेलात आम्ही इडली मागवली. मी अजून माझ्या बेतालाच चिकटून होते. म्हटलं, "गाव सोडताना असंच विचारलं होतं का गं कुणी?"

"कुणीच नाही. तेच तर चुकलं." तिनं चटणी पुढे ओढली. "आणि तू सारखं गाव सोडताना, गाव सोडताना काय करतेस? आम्हाला आनंद झाला होता."

मी चमचा खाली ठेवला.

"आमची घरं गावाबाहेर, नदीच्या खालच्या अंगाला," ती सांगायला लागली. "गावाचा पाणवठा वरच्या अंगाला. तिथं आम्ही शिवायचं नाही. आम्ही तेव्हा नवे नवे बौद्ध झालेलो, घरात बुद्धाची तसबीर लागली होती, पण पाणवठा तोच होता. माझ्या आईनं एकदा तिथं घागर बुडवली तर तिच्या डोळ्यांदेखत फोडली. मग धरणाचं पाणी चढायला लागलं. आधी आमच्याकडं आलं, आम्ही खाली ना. मग त्यांच्या पाणवठ्यावर, मग देवळात, मग पाटलाच्या ओट्यावर. आम्ही पोरं टेकाडावरून बघत होतो. मी टाळ्या पिटल्या. आज्जीनं पाठीत धपाटा घातला, पण ती पण हसत होती."

"टाळ्या?"

"मग? म्हटलं, आता सगळे सारखे. आणि होतोच की काही महिने. छावणीत पत्र्याच्या शेडी, सगळ्यांना मिळून एक टँकर. पाटलीणबाई माझ्या आईच्या मागं रांगेत उभी असायची. रडायची बिचारी, तिला सवय नव्हती. माझी आई तिची घागर भरून द्यायची आणि ती घ्यायची. मला लई मजा वाटायची, आणि तिची कीव पण यायची. दोन्ही एकदम."

"मग?"

"मग नवं गावठाण आखलं. जुन्या गावात जसे होतो तसेच बसू, म्हणाले. आमची घरं परत टोकाला, ओढ्याच्या खालच्या अंगाला. कुणी भांडलं नाही, कुणी शिवी दिली नाही. आमच्या माणसांनी पण मान डोलवली. विचारायचं होतं ते आधी विचारायला पाहिजे होतं, पाणी चढत होतं तेव्हा. तेव्हा सगळे घाबरलेले असतात, तेव्हा ऐकतात. एकदा पाय टेकले की कोण ऐकतंय?"

इडली गार झाली. माझी परकरातली पोर टेकाडावर टाळ्या पिटत उभी होती आणि तिच्याकडे बघून काय वाटून घ्यायचं ते मला कळेना. इतकी वर्षं मी हिच्या नावानं रडले, आणि ही हसत होती. की नंतर रडली? ते विचारायचं धाडस झालं नाही. दुसरंच काहीतरी तोंडातून निघालं.

"पण आई, काका तसे नाहीत गं."

"मी कुठं म्हटलं तसे आहेत? भाऊजी चांगले आहेत." ती पाणी प्यायली. "पाटील पण चांगलाच माणूस होता."

परत येताना वाटलं, आई उगाच संशय घेतेय, हा काकांवर अन्याय आहे. मग वाटलं, अन्याय कशाचा, तिनं नुसतं विचारलंय. घाटकोपर येईपर्यंत माझी दोन्ही मतं झाली होती आणि दोन्ही खरी वाटत होती. दुसऱ्या दिवशी फरशीचा प्रसंग पुन्हा घेतला. मी रडायचा प्रयत्नच केला नाही. ती बाई फरशीवर हात फिरवत होती आणि मी तिच्याबरोबर नुसती श्वास घेत राहिले, कारण मला खरंच सुचत नव्हतं की हिचं काय करावं. दिग्दर्शक म्हणाला, "हे बघ! आता कसं आलं!" काय आलं ते मी त्याला विचारलं नाही.

रविवारी इमारतीच्या गच्चीवर सभा भरली. आईच्या सहीसाठीच भरली होती, हे सगळ्यांना माहीत होतं. काकांनी प्रास्ताविक केलं, पावसाळ्याआधी इमारत रिकामी करणं कसं गरजेचं आहे ते सांगितलं, आणि आईकडे वळले.

आई उभी राहिली. "नव्या बिल्डिंगीत कोण कुठं राहणार, ते आधी ठरवा. चिठ्ठ्या टाका. आत्ता, सगळ्यांसमोर. मग मी लगेच सही करते."

"वहिनी, त्याची गरजच नाही," काका मायेनं म्हणाले. "कमिटीचा विचार असा आहे की आता जसे आहोत तसेच बसू. शेजार मोडायला नको. तुम्ही आमच्या समोरच."

मी आईकडे बघितलं. जसे आहोत तसेच. तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही, पण तिनं खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"नको, भाऊजी. चिठ्ठ्या."

काकांचा चेहरा पडला. सेक्रेटरीपणा गळून गेला आणि नुसता शेजारी उरला. "इतक्या वर्षांत आमच्याकडून तुम्हाला कधी..." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मला वाटलं, उठावं आणि आईला खाली बसवावं. आणि त्याच वेळी वाटलं, कुणी तिला बसवलं तर बघतेच.

"कधीच नाही," आई म्हणाली. "म्हणून तर तुमच्यासमोर मागतेय. दुसऱ्या कुणासमोर मागितलं नसतं."

मग वरच्या मजल्यावरचे आजोबा म्हणाले, "टाका हो चिठ्ठ्या. मला तर कुठंही चालेल, फक्त डोक्यावर पडायला नको." लोक हसले आणि कुणीतरी खालून स्टीलचा डबा आणला.

एकेकानं आपल्या हातानं चिठ्ठी काढली. काकांना वरचा मजला मिळाला, खिडकीतून येऊरचे डोंगर दिसणारा. आईनं डब्यात हात घातला, चिठ्ठी उलगडली, आणि चष्मा नसल्यानं माझ्याकडे दिली. मी वाचली. पहिला मजला, नाल्याच्या बाजूचं, एकदम टोकाचं घर. आईनं "वाच की" म्हटल्यावर मी कशीबशी मोठ्यानं वाचली.

काका पटकन उठून आले आणि आपली चिठ्ठी त्यांनी आईपुढे धरली. "वहिनी, ही घ्या. आपण बदलू. अगदी मनापासून सांगतोय, घ्या." ते खरंच मनापासून सांगत होते. ते दिसत होतं, आणि तिनं घ्यावी असं मला इतकं वाटलं की मी मनातल्या मनात तिची विनवणी करत होते.

आईनं माझ्या हातातून तिची चिठ्ठी परत घेतली आणि नीट घडी घातली. मग हसली. इतकी मोकळी हसताना मी तिला बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

"नको, भाऊजी. टोकाचं तर टोकाचं. ह्या वेळी कुणी दिलेलं नाही. माझ्या हातानं निघालंय."

काकांचा हात चिठ्ठीसकट तसाच पुढे राहिला होता. आईनं त्यांच्याच खिशातलं पेन काढून घेतलं आणि सही केली.